झाकणावरची टकटक
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की पुसदची ती दुपार आठवते. जादूच्या खेळांची जुनी पोस्टरं, पेट्या जमवायचा मला नाद. म्हणून वारलेल्या एका जादूगाराच्या बायकोकडे गेलो होतो. खेळात पेटीतून गायब व्हायच्या त्या याच. घरात साठवलेल्या कापसामागून त्यांनी डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली ती पेटी ओढून काढली. सोबतच्या पोस्टरवर फेटेवाला जादूगार एकटाच होता. "तुम्ही कुठं आहात यात?" मी विचारलं. "मी त पेटीत हाओ ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "अन् उघडाच्या आधी झाकणावर टकटक करत जा. आतल्या माणसाले सावरू द्या लागते." आता माझ्या घरात ती पेटी आहे, माणूस कुणी नाही. परवा बाहेरून आलो, स्वतःच्याच दारावर टकटक केली, थोडा थांबलो, आणि मग कुलूप काढलं.