उंच खुंटीवरचा शर्ट

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात दरवर्षी कामगारांची हाडं आणि सांधे तपासायचे. डॉक्टर फक्त सही करायचे, तपासायचा तो कंपाउंडर. बुटका माणूस, आणि सगळं दोनदा बोलायचा. "वाका, वाका. बसा, बसा. आता उठा, उठा!" हातातलं पेन मुद्दाम पाडायचा, आपल्याला उचलायला लावायचा आणि तेवढ्यात आपली कंबर वाचून घ्यायचा.

त्या वर्षी माझा उजवा खांदा धरला होता. वहीत तसं लिहिलं गेलं असतं, तर माझं प्रेस मशीन दुसऱ्याला देऊन मला स्टोअरमध्ये खिळे निवडायला बसवलं असतं.

"शर्ट काढा, खुंटीला लावा, खुंटीला."

खुंटी जवळजवळ छताला! मी राजासारखा हसलो आणि डाव्या हाताने शर्ट लावला.

"डावरे कधीपासून? कधीपासून?"

"जन्मापासून!" मी ठोकून दिलं.

त्याने वहीत 'फिट' लिहिलं. मी मनात शिट्टी वाजवली.

मग तो स्टुलावर चढला, खुंटीवरचा माझा शर्ट काढला, माझ्या मागे आला आणि आधी उजवी बाही अलगद चढवली, मग डावी. दुखऱ्या हाताच्या पोराला आई घालते तसा. म्हणजे याला सगळं कळलं होतं! मग 'फिट' का लिहिलं?

"सांभाळा," तो म्हणाला. एकदाच.

मशीन माझ्याकडेच राहिलं. खांदा आजही वर जात नाही. त्याने मला वाचवलं की बुडवलं, ते मला अजून उमगलेलं नाही. शर्ट मात्र मी उजव्या बाहीपासूनच घालतो.