वीस मिनिटं पुढं

"केबल चांगली हाये सर. राउटर बी चांगला हाये."

"मंग लॉगिन काऊन होऊन नाही राह्यलं बे? आठवडा झाला! जुन्या इमारतीतले पोट्टे धडाधड आत, अन् नव्या इमारतीतल्या पोरी हात चोळत बसल्या!"

गुलाबराव कॉलेजच्या संगणक विभागाचे प्रमुख. इंद्रभान नव्या लॅबचा कंत्राटी मदतनीस. मोताळ्यातलं टीव्ही दुरुस्तीचं दुकान बसलं तेव्हा इथं लागलेला. दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही इमारती एकाच सर्व्हरला जोडल्या होत्या. सर्व्हर जुन्या इमारतीत, नवी इमारत वेगळ्या सबनेटवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या भागात, आणि दोन्हींना जोडणारा मध्ये राउटर. म्हणून सगळ्यांचा राग राउटरवर.

"सर, सर्व्हर घड्याळ पाह्यते. आपलं अन् त्याचं जुळलं नाही, तर तो दारातच अडवते."

"म्हंजे इथली घड्याळं बिघडली?"

"बिघडली नाही." इंद्रभाननं मान खाली घातली. "म्या पुढं केली. वीस मिनिटं."

गुलाबरावांनी मनगटावरचं घड्याळ पडद्यावरच्या वेळेशी ताडून पाहिलं.

संध्याकाळचं प्रॅक्टिकल साडेसहाला सुटायचं. धामणगाव बढेची शेवटची एसटीही साडेसहालाच सुटायची. हजेरी संगणकातल्या वेळेवर. जी आधी उठली, ती गैरहजर. गेल्या वर्षी याच लॅबमध्ये शिकणाऱ्या मंजुळाची, इंद्रभानच्या भाचीची, गाडी चुकली आणि ती अनोळखी माणसाच्या ट्रॅक्टरवर बसून घरी गेली. सकाळी बापानं तिची पुस्तकं माळ्यावर टाकली. इंद्रभान समजवायला गेला, तर मेव्हण्यानं त्याला बस म्हटलं नाही. फाल्गुनात मंजुळाचं लग्न लागलं. अक्षता टाकून इंद्रभान जेवायला न थांबता परतला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं लॅबमधलं एकेक घड्याळ पुढं सरकवलं. पडद्यावर साडेसहा वाजायचे तेव्हा बाहेर सहा वाजून दहा मिनिटंच झालेली असायची, आणि गाडी सापडायची. पोरींना कळलं होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही.

"शहाणा हायेस! सगळी बरोबर कर. आत्ताच्या आत्ता."

"मंग पोरींची गाडी?"

"एसटी काय माह्या बापाची हाये?"

"प्रॅक्टिकलच थोडं आधी लावा ना सर."

"टाइमटेबल वरून येते. अन् उद्या परीक्षा हाये त्याहीची. लॉगिन नाही झालं तर सगळ्या नापास. मंग काय करशीन?"

इंद्रभान खुर्ची ओढून बसला. एका संगणकाची वेळ मागं घेतली, पासवर्ड टाकला. पडदा उघडला. मग दुसरा. तिसरा. खिडकीपाशी मंजुळा बसायची, त्या संगणकाशी त्याचा हात जरा थांबला. मग तोही उघडला.

"पाह्य, झालं ना?" गुलाबरावांचा आवाज एकदम निवळला. "उगाच आठवडाभर जीव खाल्ला. अन् आयक, गाडीचं पोरींले तूच सांगून देजो. तुहं आयकतात त्या. काय?"

स्टँडवरून एसटीचा हॉर्न ऐकू आला.

"मी काय म्हणून राह्यलो, इंद्रभान? सांगशीन ना?"

इंद्रभाननं लॅबची किल्ली गुलाबरावांपुढं टेबलावर ठेवली, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि तो बाहेर पडला.