काचेच्या पेटीतलं झाकण

माझी मुलगी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकते. तिच्या बाप्तिस्म्याची गोष्ट मी इतकी वर्षं टाळत आलो. आता सांगून टाकतो.

नांदेडच्या आमच्या चर्चमध्ये मी रविवारी मुलांना शिकवतो. मोठी माणसंही एक प्रश्न हळूच विचारून जातात. बाप्तिस्म्याआधी गेलेलं तान्हं लेकरू कुठं जातं? मी ठसक्यात सांगायचो, "देवाकडे. येशूनं लेकरांना जवळ घेतलं तेव्हा कुणाकडं दाखला मागितला नव्हता." लोक हसायचे आणि मला बरं वाटायचं.

हेच उत्तर मी घरीही दिलं होतं. आमचा पहिला मुलगा जन्मला त्याच दिवशी गेला. ना त्याला आमचं बाप्तिस्म्याचं पाणी लागलं, ना बायकोच्या माहेरचं लिंग. ती उदगीरच्या लिंगायत दुकानदाराची लेक. त्यांच्यात लेकरू जन्मलं की लगेच त्याला लिंग बांधतात. तिनं विचारलं, "तुमच्या बायबलात अशा लेकराचं काय?"

"देवाजवळ आहे तो," मी म्हणालो. तिनं ते खरं धरलं, आणि त्या जोरावर ती पुन्हा जेवू लागली.

पुढं ही मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच. लातूरच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर धड काही बोलेनात. बाप्तिस्मा देणारे आमच्या चर्चचे पाळकसाहेब सभेसाठी बाहेरगावी. माझी आई कानाशी लागली, "पाणी लावून घे रे बाबा. असंच जाऊ देऊ नको लेकराला."

"आई, त्याची काही गरज नाही," मी म्हणालो. अगदी रविवारच्या आवाजात.

आणि सिस्टर चहाला गेल्याबरोबर गाऊन चढवून आत शिरलो. पेटीच्या भोकातून हात घातला, माझ्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणातलं पाणी तिच्या कपाळाला लावलं, पिता, पुत्र, पवित्र आत्मा एका दमात म्हटलं आणि बाहेर येऊन बाकावर साळसूद बसलो.

माझ्यामागून आई "नातीला बघून येते" म्हणून गेली. मग उदगीरहून आलेल्या सासूबाई गेल्या, पदराखाली काहीतरी झाकून.

थोड्या वेळानं सिस्टर तणतणत बाहेर आली. "या लेकराचे नातेवाईक कोण? कपाळावर चिखल करून ठेवलाय! इन्फेक्शनला भिऊन आम्ही हात धुऊन धुऊन थकलो, आणि तुम्ही पेटीत देव्हारा मांडून राहिले?"

"लिंग आन् विभूती म्या ठिवली," सासूबाई ताठ उभ्या राहिल्या. "लेकरू आमचं बी हाय."

"पाणी मी लावलं," आई म्हणाली. "हा लावंना, काय करू? पण बाई, मी गेले तेव्हा कपाळ आधीच ओलं होतं."

"आणि हे कुणाचं?" सिस्टरनं निळं झाकण वर धरलं.

माझ्या हातातली बाटली उघडी होती.

वॉर्डाच्या दारात भिंतीला धरून बायको उभी होती. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "गरज न्हाई म्हणला होतात ना? मग आपला पहिला कुठाय?"

माझा ठसका जिरला. म्हणालो, "बायबलात याचा असा नियम कुठं लिहिलेला नाही. पण दावीद राजाचं लेकरू सातव्या दिवशी गेलं. त्यांच्यात लेकराला देवाच्या नावानं करायची ती सुंता आठव्या दिवशी व्हायची. म्हणजे त्यालाही काहीच लागलं नव्हतं. तरी दावीद म्हणाला, ते माझ्याकडं परत यायचं नाही, पण मी त्याच्याकडं जाईन. आपला पोरगा तिथंच आहे, हे मी तेव्हाही मानत होतो. आज हिला बघितलं आणि भ्यालो. बस."

ती भिंत सोडून माझ्याजवळ आली. मग म्हणाली, "दावीदानं पुढं काय केलं?"

"लेकरू आजारी होतं तोवर उपाशी जमिनीवर पडून होता. गेल्यावर उठला, अंघोळ केली, जेवला."

"आपली तर जिती हाय अजून," ती म्हणाली. "भ्यायलात हे तेव्हाच सांगायचं, मी काय एकटीच भ्याले होते का? चला, माझ्या आईनं उदगीरहून भाकऱ्या आणल्यात. जेवा."

"बाहेर जाऊन जेवा!" सिस्टर ओरडली. "आणि तुमचं झाकण घेऊन जा."