अभ्यासासाठी बंद केलेला माग

वडगावात भर संध्याकाळी, करंट असताना कुणाचा माग बंद झाला तर शेजारी डोकावून जातात. घरात कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, नाहीतर मागावरच्या ताण्याचा बीम संपला, एवढीच कारणं लोकांना ठाऊक. म्हणून मंगलच्या घरातले दोन्ही माग पहिल्यांदा असे बंद झाले तेव्हा शेजारची मालुबाई तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावत आली.

"काय झालं गं? महादेव बरा हाय न्हवं?"

"बरी हाईत सगळी," मंगल दारातच कुजबुजली. "नीलम अभ्यासाला बसलीया. हळू बोल जरा."

मालुबाईनं जन्मात कधी हळू बोलून पाहिलं नव्हतं. मागाच्या घरात, त्या खडखडाटात, हळू बोलणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा भाकरीसुद्धा वाढणार नाही. ती तोंडाला पदर लावून परत गेली आणि मंगलनं लेकीच्या दहावीसाठी माग बंद ठेवलेत, ही बातमी तिनं गल्लीभर केली.

मंगलला त्याचं काही वाटलं नाही. हल्ली तिला कशाचंच फारसं वाटत नसे, इतकी ती दमलेली असायची. पहाटे पाणी भरायचं, स्वयंपाक उरकायचा आणि मग दिवसभर यंत्रावर सुताच्या कांड्या भरत बसायचं. कांडी धोट्यात घालायची, धोटा उभ्या धाग्यांतून पळायचा, की लगेच दुसरी कांडी तयार पाहिजे. आधी निम्म्या कांड्या नीलम भरायची. दहावीचं वर्ष लागलं तसं मंगलनं तिला यंत्राजवळून उठवलं आणि तिच्या वाटचं कामही आपल्या अंगावर घेतलं. खांदा ठणकायचा, पण ती कुणाला सांगायची नाही. एक तरी पोर शिकून पार लागावं, एवढंच तिला हवं होतं.

एक तरी, कारण थोरल्याचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. साईराजची शाळा नववीत सुटली. 'शाळा सोड' असं त्याला घरातल्या कुणीही, कधीही म्हटलं नाही. पोरगं पुस्तक घेऊन बसलं की त्याचा बाप महादेव हाक मारायचा, "साईराज, तेवढा धागा जोड रं, मी दोन घास खाऊन येतो." दोन घास व्हायचे, मग पान, मग कट्ट्यावरच्या चार गप्पा. नवीन बीम आला की त्याचा एकेक धागा जुन्या धाग्याला जोडायचा, आणि पोरांची बोटं बारीक, म्हणून त्या दिवशी शाळेला दांडी. पुढं पुढं तो हाक मारायच्या आधीच उठायला लागला. घरानं त्याला शाळेतून काढलं नाही, नुसत्या हाका मारमारून मागावर आणला. लोक मात्र म्हणत, पोराचं डोकंच चालत नव्हतं. मंगलही तसंच म्हणायची, कारण तसं म्हटलं की जीव हलका व्हायचा.

दुधानं तोंड पोळलेली बाई आता ताक फुंकून पीत होती. दिवेलागणीला माग बंद. टीव्हीवर चादर. भांडं ठेवायचं तेही फडक्यावर. महादेव कट्ट्यावर बसून आपल्याच हातांकडं बघत राहायचा, कारण त्या वेळेला हातांना काम नसणं त्याला माहीतच नव्हतं. साईराज खाटेवर मोबाईल घेऊन पडायचा, आवाज बंद करून. नीलम आतल्या खोलीत, दार लोटून. मंगल मधेच चहा घेऊन जायची, कप ठेवायची आणि चोरपावलांनी परतायची. आजारी माणसाच्या खोलीत जावं तसं चाललं होतं सगळं. अडलेलं साड्यांचं विणणं मग जमेल तेवढं जेवणानंतर उरकायचं, म्हणजे झोपेतूनच फेडायचं.

एवढं करून पूर्वपरीक्षेत नीलम गणितात नापास झाली. इतर विषयांतही घसरली. शाळेतल्या बाईंनी मंगलला बोलावून घेतलं.

"घरात काही झालंय का हो?" बाईंनी विचारलं.

"न्हाय बाई. उलट तिच्यासाठी आमी माग बंद ठेवतोय. एक काम सांगत न्हाय तिला."

बाई म्हणाल्या, "काही विचारलं की नीलम आधी एवढ्या मोठ्यानं उत्तर द्यायची, की वर्ग हसायचा. आता तोंडच उघडत नाही. घरी कुणाला वाचून दाखवते का ती?"

परतताना मंगलला आधीचे दिवस आठवत राहिले. नीलम शेजारी बसून कांड्या भरायची तेव्हा मांडीवर पुस्तक असायचं. मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून ती इतिहास नाहीतर विज्ञान ओरडायची, आणि मंगल, काही कळो न कळो, सूत ओढता ओढता विचारायची, "मग पुढं?" पोरगी पुढचं सांगण्यासाठी पुढचं पान वाचून यायची. आपण तिच्यावरचं काम काढलं आणि त्याबरोबर स्वतःलाही तिच्यापासून काढून घेतलं, हे मंगलच्या ध्यानात आलं. एवढे कष्ट घेऊन आपण चुकीचंच केलं, याचा तिला राग आला आणि रडूही.

संध्याकाळी तिनं नीलमला सगळ्यांसमोर विचारलं, काय होतंय म्हणून. पोरगी एकदम रडायलाच लागली.

"तुमी सगळी गप बसतासा. आप्पा कट्ट्यावरनं माझ्या दाराकडं बघत्यात. पान उलटलं तरी आवाज हुतोय. मला भ्या वाटतंय आई. एवढं करून नापास झाले तर तुमास्नी तोंड कसं दाखवू? माग चालू करा."

"घ्या!" महादेव उसळला. "करावं तरी वाईट, न करावं तरी वाईट. साड्या बुडवल्या हिच्यापायी, आनि आता ही म्हणती..."

"तिच्यापायी बुडवल्या तरी," साईराज खाटेवरून म्हणाला. आवाजात राग नव्हता, करंट गेला म्हणून सांगावं तसं तो सांगत होता. "माझ्या वक्ताला एक दिस बी कुणी बंद केला न्हाय."

मग तो उठला आणि त्यानंच बटण दाबलं. घर हादरायला लागलं. महादेव दुसऱ्या मागावर गेला. नीलमनं डोळे पुसले, पुस्तक घेऊन यंत्रापाशी बसली आणि दबक्या आवाजात वाचायला लागली. दोनचार ओळींनंतर तिचा आवाज आपोआप चढला.

मंगल मात्र बसली नाही. ती साईराजच्या मागाजवळ जाऊन उभी राहिली. एकोणीस वर्षांचा मुलगा, पण पाठीला बापासारखा बाक आला होता. तो तिला इतक्या जवळून कधी दिसलाच नव्हता.

"माझं चुकलं रं," ती म्हणाली.

साईराजनं मान वर केली. "काय?"

"माझं चुकलं!" आता तिला ओरडावं लागलं. नीलम वाचायची थांबली, महादेवनं वळून पाहिलं. मंगलला त्याची लाज वाटली नाही. "तुला हाका मारत ऱ्हायलो आमी! तुझं वाचणं कुणीच ऐकलं न्हाय! तुझं डोकं चांगलं हुतं रं, माझंच चुकलं!"

साईराजनं तुटलेला एक धागा शोधला, गाठ मारली, माग पुन्हा सोडला. मग तिच्याकडं न बघताच मोठ्यानं म्हणाला,

"पयल्यांदा म्हणालीस तवाच कळलंतं मला. मागाच्या घरातला हाय मी, नुसत्या ओठांवरनं कळतंय."

"मग 'काय' म्हणून का इचारलास?"

"परत एकदा म्हणावंस वाटलं."