भरल्याली गाडी खरं बोलती

लासुर्ण्याचे गुलाबतात्या रिकाम्या वस्तूवर विश्वास ठेवत नसत. खाट विकत घ्यायला गेले तर दुकानातल्या गिऱ्हाइकांना तिच्यावर बसवून बघत. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेही ऐन जेवणाच्या वेळी, न कळवता. "घर भरल्यालं असताना बघावं," म्हणत. आमचं घर त्यांच्या शेजारचं, त्यामुळे अशा प्रत्येक परीक्षेला वजन म्हणून मला बोलावणं येई.

त्यांचा जीव पेरूच्या बागेवर आणि जुन्या पिकअपवर. पावसाळ्यात बागेच्या वाटेवर चाकोऱ्या इतक्या खोल पडत, की गाडीचं पोट जमिनीला घासे. म्हणून तात्यांनी मोठे टायर घालायचं मनावर घेतलं. बारामतीला निघाले ते गल्लीतली धिप्पाड माणसं आणि पेरूचे भरलेले क्रेट मागे घालूनच. टायरवाला हबकला.

"तात्या, एवढी वरात कशाला?"

"रिकाम्या गाडीला इचारून काय कळतंय? भरल्याली गाडी खरं बोलती."

पहिले टायर भलतेच रुबाबदार होते. तात्यांनी स्टेअरिंग पार एका बाजूला फिरवायला लावलं आणि स्वतः चाकाशी उकिडवे बसून कान लावला. टायर मडगार्डला घासत होता.

"बॉडी उचलून देतो. मग मोकळा फिरंल," टायरवाला म्हणाला.

"न्हाय. बॉडी उचलली की वळणावर पेरू नाचत्यात."

मग त्याहून लहान, पण जुन्यापेक्षा मोठे टायर लावले. आम्ही मागे उड्यासुद्धा मारून बघितल्या. कुठे घासलं नाही. गाडी फक्त इंचभर उंच झाली होती. येताना तात्या गाणी म्हणत होते. आवाजाबद्दल काही लिहीत नाही, माणूस मोठा प्रेमळ होता.

दुसऱ्या दिवशी बाजार. तात्यांच्या पत्नी सुमनकाकू पिशवी घेऊन आल्या. पुढची सीट वर्षानुवर्षं त्यांची. व्यापाऱ्याने नुसतं 'तात्या' म्हटलं तरी तात्या विरघळत, त्यामुळे भाव काकूच करत. त्यांनी दाराला धरून पाय उचलला, पण दुखरा गुडघा वाकेना. पाय त्या इंचभराने खालीच राहिला. तात्यांनी धावत जाऊन क्रेट पालथा घातला.

"बाजारात चारचौघांत क्रेटवरनं चढू-उतरू व्हय मी?" काकू हसल्या. "तुमी जावा. मी ऱ्हाती घरी."

तात्या एकटे गेले. परतले तेव्हा ओट्यावर माझ्याशेजारी बसून राहिले. मी विचारलं, "भाव पडला का?"

"भावाचं सोड रं. टायर घालताना सगळी गाडी भरली आन् पुढची शीट तेवढी रिकामी ठिवून बघितली. वाटंनं बोलायलाबी कोन न्हवतं."

त्यांनी त्याच आठवड्यात जुने टायर परत बसवून आणले. टायरवाल्याने डोक्याला हात लावला, पण चहा पाजला. बागेच्या वाटेचं काय, असं मी विचारल्यावर तात्या म्हणाले, "गाडी उचलायची न्हाय, वाट उचलायची." तेव्हापासून दर उन्हाळ्यात ते त्या वाटेवर मुरूम टाकत. उन्हात फावडं मारताना ते मला वेडेच वाटायचे.

तात्या गेले त्याला वर्ष होत आलं. गेले ते भरल्या घरातून, त्यांच्या मनासारखे. परवा त्यांचा मुलगा बाळू काकूंना म्हणाला, "आये, आता घालू का मोठं टायर?"

"घाल की. माझं काय आडलंय? मी कुठं बाजाराला येती आता?"

दोन दिवसांनी बाळूने बागेच्या वाटेवर मुरमाची ट्रॉली रिकामी केली. बाजारच्या सकाळी त्याने पिकअप काकूंच्या दाराशी आणली, पुढचं दार उघडलं आणि म्हणाला, "चल आये. मला भाव करता येत न्हाय."

काकू जुन्या सवयीने चढल्या, बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मी ओट्यावरून उठून घरात गेलो. मला तात्यांची फार आठवण आली.