सुतळीची अक्षरं

संपाच्या वर्षी मी एका आईशी खोटं बोललो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

लालबागच्या शाळेत मी नवा होतो, नोकरी कायम व्हायची होती. तिसरीच्या वर्गात साठ मुलं. त्यांत काळाचौकीच्या चाळीतली एक मुलगी होती, वडील गिरणीत. ऐकलेली गोष्ट शब्दन् शब्द सांगायची, पण फळ्यावरचं अक्षर काही तिला ओळखू यायचं नाही. दोनदा नापास झालेली. पोरं तिला 'आजी' म्हणायची.

मी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून अक्षरं केली. ती डोळे मिटून त्यांवर बोट फिरवायची, आवाज काढायची, मग पाटीवर लिहायची. बघता बघता मागच्या बाकांवरची सात-आठ पोरं तिच्याशेजारी जमिनीवर येऊन बसली. मग मी पाठाचं टाचणच बदललं. धडा तोच, कुणी वाचून शिकायचा, कुणी ऐकून, कुणी हातानं करून. गोंगाट व्हायचा, धडे मागे पडायचे. एका सकाळी हेडमास्तर दारातूनच म्हणाले, "गुरुजी, तपासणी आठ दिवसांवर आली. एकीसाठी बाजार मांडू नका."

त्याच सकाळी तिनं पहिल्यांदा पुस्तकातलं वाचलं. "गरम भाकर." मागून कुणीतरी विचारलं, "कुठाय?" संप लांबलेला, बरीच पोरं उपाशीच यायची. सगळा वर्ग हसला, तीही हसली.

दुपारी तिची आई आली. धाकट्या भावंडांबरोबर हिलाही गावी धाडावं, असं घरात चाललं होतं.

"गुरुजी, खरां सांगा. हिका वाचूक येतला काय? येतला तर कायव करून हिका हंय ठेवतंय."

मी म्हणालो, "नाही येणार, बाई. वर्ष फुकट जाईल."

"तुमी सांगतास म्हणजे खरांच," ती म्हणाली.

मुलगी दारातच उभी होती. तिनं ऐकलं.

माझे वडीलही संपावर होते, घर माझ्या एकट्याच्या पगारावर. पण तेवढं कारण पुरत नाही. मला तिचा कंटाळा आला होता. ती दाखला घेऊन गेली, पोरं परत बाकांवर बसली, तपासणी छान झाली. मी कायम झालो.

पुढे दोनदा त्या चाळीत गेलो. पहिल्यांदा खोलीला कुलूप, नंतर दुसरीच माणसं. कोकणात गेली, एवढंच शेजारी सांगत. शाळेच्या रजिस्टरात जन्मगाव मुंबई.

हल्ली दादरला तरुण शिक्षकांना मी तेच टाचण शिकवतो. हे सुचलं कसं, असं कुणी विचारलं की एका मुलीमुळे म्हणतो आणि पाणी पितो. ती कुठे आहे, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

त्या माउलीला मी एक वाक्य देणं लागतो: तुमची मुलगी वाचत होती, आणि ते मला माहीत होतं.