हात कानाला लागला

आमच्याकडे अठ्ठावन्न हा आकडा बदनाम आहे. सरकार अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी पाठवतं आणि देव वर बोलावतो, असं मोर्शीकडे हसत हसत म्हणतात. पण एकेक आठवला, की हसू मावळतं. अमरावतीच्या आखाड्यात भल्याभल्यांची पाठ टेकवणारा पहिलवान, अकोल्याचे नावाजलेले डोळ्यांचे डॉक्टर, कौंडण्यपूरच्या जत्रेत भजनाला उभे राहिले की गर्दी खिळवून ठेवणारे बुवा, आणि आमचे बाबा, ज्यांच्या हातची संत्र्याची कलमं न्यायला लोक लांबून यायचे. चौघंही आमच्याच गावच्या शाळेतले. चौघंही अठ्ठावन्नाचे असतानाच वारले.

यंदा माझ्या दादाला अठ्ठावन्न झाली.

बाबांची जुनी बाग वाळली म्हणून त्याने ती काढली होती. नवीन खड्डे खणून झाले, कलमं आली, आणि दादा एकदम थंडावला. वहिनीचा फोन आला, "ताई, तुमचे भाऊ कलमाईकडे पाहूनच नाही राहिले. पडवीत सुकून चालली सारी."

मी अमरावतीत शिवणकाम शिकवते. कापड असो की माणूस, माप घेतल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. दादासाठी शिवलेला शर्ट पिशवीत टाकला आणि सकाळच्या एसटीने गाव गाठलं.

"काहून लावून नाही राहिला?" मी दारातच विचारलं.

"संत्र्याले फळ धराले पाच-सहा वर्सं लागते. तवरोक कोण राह्यते? पहिलवान गेला, डॉक्टर गेला, बुवा गेला, आपला बाप गेला. एवढे मोठे लोकं सुटले नाही, मी कोण लागून गेलो?"

मला राग आला. खरं सांगायचं तर भीतीही वाटली, कारण हे बोलताना तो चिडलेला नव्हता. त्याने मनातल्या मनात आवराआवर सुरू केली होती.

"आधी शर्ट घाल," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

त्याने शर्ट घातला. बाही अचूक बसली. बसणारच, कारण दादाची बाही मी नेहमी दोन बोटं आखूड कापते. त्याचे हात लहानपणापासूनच आखूड. मनगटाशी बटण लावता लावता मी थांबले आणि मला हसायलाच आलं.

आमच्या त्या शाळेत जन्माचा दाखला कोणाजवळ असायचा? पोराने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला, की गुरुजी म्हणायचे, झाला सहा वर्षांचा. तारीख सगळ्यांची एकच, एक जुलै. म्हणजे आमच्या गावात वय ठरायचं ते हाताच्या लांबीवर!

मी तिथूनच चांदूर बाजारला आत्याला फोन लावला. बाबांची ही मोठी बहीण आता थकलीय, पण आवाज खणखणीत आहे. मी स्पीकर चालू केला आणि दादा शाळेत कधी गेला ते विचारलं.

"याचा हात पुरे कुठी!" आत्या म्हणाली. "गुरुजीनं दोन साल वापस धाडला. मंग यानं मान वाकडी करून कान धरला, तवा लिवला सहा वर्साचा. आठ वर्साचा घोडा होता!"

"ऐकलं?" मी दादाला म्हटलं. "तुले साठ झाली. अठ्ठावन्न कवाचं गेलं, तुले समजलंही नाही."

वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागली. दादा मात्र फोनकडे बघत होता.

"आत्या, अन् बाबाचा हात?"

आत्या म्हणाली, "त्याचा लांब होता रे. चार वर्साचा होता, तवाच कान धरला."

आता माझं हसणं थांबलं. म्हणजे बाबांना अठ्ठावन्नही मिळाली नव्हती. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या वयात दोन वर्षं उगाच मोजत होतो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दादा उठला. नव्या शर्टाच्या बाह्या दुमडून त्याने पडवीतलं एक कलम उचललं.

"बाबाची ती दोन वर्सं माह्याकडं आली म्हणाची," तो म्हणाला. "चाल, माती लोटाले ये."